माणूस तेच तेच पुन्हा का करतो? मनोगतिक फॉर्म्युलेशन कसं बांधायचं

तळघर:

मनोगतिक (सायकोडायनॅमिक) दृष्टिकोन म्हणजे वागण्यामागे नकळत दडलेल्या इच्छा आणि संघर्ष शोधणं. त्याचं नाव काढलं की डोळ्यांपुढे हिमनग येतो, आणि त्यावर रंगवलेले, मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडचे इदम् (आदिम इच्छा), अहम् (वास्तवाशी जुळवून घेणारा भाग), पराहम् (आतून टोचणारी सदसद्विवेकबुद्धी). परीक्षेला तेवढं पुरतं. समोर बसलेल्या माणसाचं वागणं उलगडायला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. ‘याचा पराहम् कडक आहे’ हे वाक्य निम्म्या जगाला लागू पडेल. मग त्यातून या माणसाबद्दल काय कळलं?

म्हणून हा धागा फॉर्म्युलेशनवर. फॉर्म्युलेशन म्हणजे ह्याच माणसाला, हाच त्रास, ह्याच वेळी का होतोय याची लेखी मांडणी. पेरी, कूपर आणि मिशेल्स या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८७ साली दिलेला साचा अजूनही कामाचा आहे. लांबी ५०० ते ७५० शब्द, भाग चार. आधी माणूस आणि तक्रार थोडक्यात. मग मनोगतिक नसलेली कारणं: शारीरिक आजार, आनुवंशिकता, औषधं, पैशाची ओढाताण, झोप. तिसऱ्या भागात मध्यवर्ती संघर्ष. चौथ्यात भाकीत, म्हणजे हा माणूस उपचारात कुठे अडेल, थेरपिस्टशी कसा वागेल. दुसरा आणि चौथा भाग लोक हमखास गाळतात. दुसरा गाळला की थायरॉइडच्या रुग्णाच्या बालपणाचं उत्खनन सुरू होतं. चौथा गाळला की मांडणी कधी चुकतच नाही, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा दोष ठरतो.

तिसऱ्या भागासाठी मनोगतिक थेरपिस्ट डेव्हिड मलान यांचे दोन त्रिकोण वापरा. पहिला संघर्षाचा: दडलेली भावना, तिच्यामुळे येणारी चिंता, आणि चिंता टाळण्यासाठीचा बचाव. दुसरा व्यक्तींचा: सध्याच्या आयुष्यातली माणसं, थेरपिस्ट, आणि भूतकाळातली माणसं, बहुधा आईवडील.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक व्यक्ती प्रत्येक काम नव्वद टक्क्यांपर्यंत झपाट्याने नेते आणि तिथे अडते. ‘अजून एकदा तपासते’, ‘अजून थोडं वाचायला हवं’. मुदत टळते, काम दुसऱ्याकडे जातं, आणि तिला चक्क हलकं वाटतं. हे हलकं वाटणं टिपून ठेवा, पुढे लागणार आहे. बचाव: अखंड सुधारणा. चिंता: काम संपत आलं की छातीत धडधड आणि ‘आपण काहीतरी चुकीचं करतोय’ ही भावना. दडलेली भावना: पुढे जाण्याची, जिंकण्याची इच्छा. दुसऱ्या त्रिकोणात आज वरिष्ठ आहेत. सेशनमध्ये, प्रगती झाल्याचं स्वतःच सांगितल्यावर पुढच्या वेळी वीस मिनिटं उशिरा येणं आहे. आणि भूतकाळात, मूल जिंकलं की गप्प होणारे वडील. तिन्ही ठिकाणी एकच आकृती दिसली तर मांडणीला आधार आहे. एकाच ठिकाणी दिसली तर अंदाज म्हणा आणि थांबा.

नवशिकी:

छान मांडलंय. दोन अडचणी. चिंता कुठे संपते आणि बचाव कुठे सुरू होतो, हे ऐकताना वेगळं करता येत नाही. आणि त्रिकोणाच्या कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची?

उंबरठा:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: बचाव, मग चिंता, मग भावना. थेट भावनेवर बोट ठेवलं (‘तुम्हाला वडिलांना हरवायचंय’) तर दोनच गोष्टी होतात. माणूस नम्रपणे मान डोलावतो आणि काहीच हलत नाही, किंवा पुढच्या आठवड्यापासून येणं बंद करतो. बचाव दाखवताना त्याचा उपयोगही सांगावा लागतो. ‘तपासत राहिलात की ते संपत नाही, आणि संपलं नाही की ती धडधड टळते’ असं म्हटलं तर आरोप वाटत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी शरीराकडे बघा. मानसोपचारतज्ज्ञ हबीब दावनलू यांनी चिंता बाहेर पडण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, त्या रोजच्या कामात फार उपयोगी पडतात. एक, ऐच्छिक स्नायू: मुठी वळणं, खांदे ताठणं, आणि विशेष म्हणजे खोल सुस्कारा. बोलता बोलता सुस्कारा आला की आपण योग्य जागेच्या जवळ आहोत आणि माणसाला ते पेलतंय, असं धरायला हरकत नाही. दोन, अनैच्छिक स्नायू: पोटात कळ, मळमळ, अर्धशिशी. इथे स्नायूंचा ताण दिसत नाही, उलट माणूस वरून सैल आणि शांत वाटतो, त्यामुळे फसगत होते. तीन, विचार आणि संवेदनांचा गोंधळ: डोळ्यांपुढे अंधुक होणं, कानात गुंज, ‘काय बोलत होतो तेच विसरलो’. तिसरी वाट दिसली की भावनेचा पाठपुरावा तिथल्या तिथे थांबवायचा आणि काय घडतंय याला आधी शब्द द्यायचे. तिथेही ढकलत राहिलं तर माणूस आठवडाभर विस्कटतो, आणि लोक त्याला ‘प्रतिकार’ (रुग्णाचा उपचारालाच विरोध) म्हणून मोकळे होतात.

थोडक्यात, शरीरात दिसते ती चिंता. बचाव म्हणजे त्यानंतर माणूस जे करतो ते: विषय बदलणं, हसणं, तत्त्वज्ञान सांगणं, ‘बहुतेक’, ‘तसं काही नाही’ची पेरणी करणं. क्रम लावला की दोन्ही सुटे होतात.

शंकासुर:

आलोच. तळघर, तुमची व्यक्ती काम पूर्ण करत नाही म्हणून तिला जिंकण्याची भीती. तिने काम वेळेत पूर्ण केलं असतं तर? ‘वडिलांची मान्यता मिळवण्याची धडपड’. म्हणजे काहीही झालं तरी तुमचंच खरं. तत्त्वज्ञ पॉपरने नेमकं हेच दाखवलं होतं: एक माणूस मुलाला बुडवण्यासाठी पाण्यात ढकलतो, दुसरा मुलाला वाचवण्यासाठी स्वतः उडी घेतो, आणि फ्रॉइडचा सिद्धांत दोघांनाही तितक्याच आरामात गिळतो. जे सगळंच समजावून सांगतं, ते काहीच सांगत नाही.

तळघर:

शंकासुर, आक्षेप सिद्धांताला लागतो, आणि ढिसाळ फॉर्म्युलेशनला तर शंभर टक्के. नीट लिहिलेलं फॉर्म्युलेशन चुकू शकतं, तसंच ते लिहायचं असतं. मी वर ‘हलकं वाटणं टिपून ठेवा’ म्हटलं ते याचसाठी.

त्याच वागण्याचे निदान दोन अर्थ लागतात. पहिला: जिंकण्याबद्दल अपराधी वाटतं. दुसरा: आपलं काम कोणी पाहिलं तर उघडे पडू ही लाज. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण भाकितं वेगळी. अपराधभाव असेल तर श्रेय दुसऱ्याला मिळालं की सुटका व्हायला हवी, आणि यश जवळ आलं की त्रास वाढायला हवा, मग काम कोणी बघो न बघो. लाज असेल तर काम निनावी गेलं की अडथळा नाहीसा व्हायला हवा, आणि श्रेय दुसऱ्याला दिलं तरी काम तपासलं जाणार असेल तर त्रास तसाच राहायला हवा. सेशनमध्ये कौतुकाने अपराधभाववाला माणूस बिघडतो, पुढच्या वेळी उशिरा येतो. लाजवाल्याला कौतुक आधी सुखावतं, पण बारीक प्रश्न विचारले की तो मिटतो. तिसरीही शक्यता धरा: लक्ष टिकवण्याची जन्मजात अडचण. तसं असेल तर कंटाळवाण्या कामात आणि मोठ्या कामात सारखंच अडायला हवं, यशाच्या जवळ असण्याशी त्याचा संबंध नको.

ही तिन्ही भाकितं पहिल्या चार-पाच भेटींतच लिहून तारीख टाकून ठेवायची. मागाहून लावलेला अर्थ सगळ्यांचाच बरोबर येतो.

शंकासुर:

हे मान्य, लेखी आणि तारखेसह असेल तर. पण एक पाचर राहतेच. तत्त्वज्ञ ग्रुनबाउम यांनी १९८४ साली पॉपरहून वेगळा मुद्दा काढला: सिद्धांत तपासता येतो, अडचण पुराव्याची आहे. थेरपिस्टला जे ऐकायचंय ते रुग्ण नकळत पुरवतो. फ्रॉइडवाद्याकडे जाणाऱ्याला फ्रॉइडची स्वप्नं पडतात, युंगवाद्याकडे जाणाऱ्याला युंगची. खोलीतला पुरावा मुळातच दूषित असेल तर तुमची तारीख काय कामाची?

मोजपट्टी:

मग खोलीबाहेरचा पुरावा बघू.

बचाव ही थेरपिस्टची कल्पना नाही याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण एका वर्षाच्या बाळांचं आहे. मेरी एन्सवर्थ यांच्या ‘अनोळखी परिस्थिती’ प्रयोगात आठ छोटे टप्पे असतात, साधारण तीन-तीन मिनिटांचे. आई दोनदा बाहेर जाते, परत येते, आणि परत आल्यावर बाळ काय करतं हे मोजलं जातं. ‘टाळणारी’ बाळं आई गेली तरी खेळत राहतात, आल्यावर तोंड फिरवतात. काही फरकच पडत नाही असं वाटतं. पण स्राउफ आणि वॉटर्स यांनी १९७७ साली हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ही शांत दिसणारी बाळंही आतून शांत नव्हती. बाळाने फ्रॉइड वाचलेला नव्हता आणि त्याला कोणी सूचनाही केली नव्हती.

मोठ्यांचंही तसंच. वाइनबर्गर, श्वार्ट्झ आणि डेव्हिडसन यांनी १९७९ साली अशी माणसं निवडली जी प्रश्नावलीत चिंता कमी असल्याचं सांगतात, पण स्वतःला चांगलं दाखवण्याच्या मापनात मात्र त्यांचे गुण जास्त येतात. अर्धवट, भावनिक वाक्यं पुरी करायला दिल्यावर या लोकांच्या शरीरातला ताण खरोखर कमी चिंता असलेल्यांपेक्षा जास्त निघाला. प्रश्नावलीवर दोघेही ‘निवांत’ होते. फक्त विचारून व्यक्तिमत्त्व मोजणाऱ्यांनी हा प्रयोग डोळ्यांआड करू नये.

परिणामांबद्दल, कारण तो प्रश्न येणारच. मनोगतिक थेरपीचा किती उपयोग होतो याचा शेडलर यांनी २०१० साली घेतलेला आढावा मनोगतिक बाजूचे लोक झेंड्यासारखा नाचवतात. त्यातले आकडे चांगले आहेत, पण त्यात एकत्र केलेले अभ्यास आजारांच्या आणि दर्जाच्या दृष्टीने फार सरमिसळ आहेत, ही टीकाही रास्त आहे. मला ड्रीसन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास जास्त बोलका वाटतो. नैराश्याचे ३४१ रुग्ण, १६ सेशन, निम्म्यांना सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी), निम्म्यांना मनोगतिक थेरपी. दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. आणि दोन्ही मिळून पूर्ण उतार पडलेले फक्त २२.७ टक्के. दोन्ही छावण्यांनी हा दुसरा आकडा आधी वाचावा.

खोलीतला पुरावा दूषित असतो या मुद्द्यावर लुबोर्स्की यांची १९७७ पासूनची पद्धत हा बऱ्यापैकी प्रामाणिक तोडगा आहे. तिचं सूत्र तीन खान्यांचं: इच्छा, समोरच्याची प्रतिक्रिया, स्वतःची प्रतिक्रिया. कृती अशी:

माणसाकडून इतरांबरोबरचे दहा प्रसंग घ्यायचे. प्रसंग म्हणजे प्रसंगच: कधी, कोण, कोण काय म्हणालं, शेवटी काय झालं. ‘माझा भाऊ नेहमी असंच करतो’ हा प्रसंग नाही, ते मत झालं. मत आलं की ‘अशी एखादी वेळ सांगा’ म्हणायचं. मग प्रत्येक प्रसंगात तिन्ही खाने भरायचे. समोरच्याची प्रतिक्रिया खरी घडलेली की फक्त अपेक्षित, हे वेगळ्या खुणेने दाखवायचं. शेवटी सरळ मोजणी. दहापैकी सातांत ‘मला समजून घ्यावं’ ही इच्छा, सहांत ‘समोरचा दूर जातो’, आठांत ‘मी गप्प होतो’ असं निघालं तर सूत्र तयार. दोन जणांनी वेगवेगळं मोजून पडताळायचं, आणि त्यातल्या एकाला रुग्णाची बाकी माहिती नसलेलीच बरी.

चुका कुठे होतात? मोजणारा इच्छा फार खोल ओढतो. प्रसंगात ‘त्याने फोन उचलावा’ एवढंच असेल तर ‘आईच्या उबेची ओढ’ लिहायचं नाही. दुसरी चूक, सगळे प्रसंग एकाच माणसाबद्दलचे घेणं. मग सूत्र त्या नात्याचं निघतं, व्यक्तीचं नाही.

अनुस्वार:

चर्चा रंगलीये तर शब्दांचा थोडा घोळ निस्तरू, कारण तोही चुकांचं मूळ आहे.

फ्रॉइडने १९२३ साली वापरलेले जर्मन शब्द अगदी घरगुती होते: ‘ते’, ‘मी’ आणि ‘वरचा मी’. इंग्रजी भाषांतरात त्यांचं लॅटिन झालं आणि आपण इमानेइतबारे त्या लॅटिनचं संस्कृत केलं. परिणामी हे डोक्यातले तीन अवयव असल्यासारखं वाटतं. मूळ शब्द ठेवले तर मराठी माणसाला वेगळं समजवावं लागू नये. आपलं व्याकरणच ‘मी’ आणि ‘ते’ वेगळे ठेवतं. ‘मी रागावलो’ आणि ‘मला राग आला’. ‘मी बोललो’ आणि ‘तोंडातून निघून गेलं’. ‘मी विसरलो’ आणि ‘विसरायला झालं’. बोलणारा कुठल्या विषयावर आला की ‘मी’ सोडून ‘झालं’वर जातो, हे ऐकणाऱ्याने टिपावं. बचावाची जागा बरेचदा तिथेच सापडते.

आता नेहमी एकमेकांत मिसळणाऱ्या जोड्या. दमन आणि निग्रह: दमनात गोष्ट नेणिवेत जाते, ती टाकल्याचंही माणसाला ठाऊक नसतं; निग्रहात ‘याचा विचार रविवारी करीन’ असं ठरवून बाजूला ठेवली जाते. मानसोपचारतज्ज्ञ व्हेलंट यांनी लावलेल्या बचावांच्या उतरंडीत निग्रह हा परिपक्व बचाव आहे, विनोद, परोपकार, उदात्तीकरण (नको ती ऊर्मी चांगल्या कामात वळवणं) आणि पूर्वतयारी यांच्या पंगतीतला. विस्थापन आणि प्रक्षेपण: विस्थापनात राग माझाच राहतो, फक्त पत्ता बदलतो, प्रक्षेपणात राग दुसऱ्याचा होतो, ‘तोच माझ्यावर चिडलाय’. प्रक्षेपी तादात्म्य ही पुढची पायरी: मी असं वागतो की समोरचा खरंच चिडतो, आणि मग माझं म्हणणं ‘सिद्ध’ होतं. संज्ञा मेलनी क्लाइन यांच्या १९४६ च्या निबंधामुळे रुळली, पण आज ती इतकी सैल वापरली जाते की थेरपिस्टला आलेला कुठलाही वैताग रुग्णाच्या नावावर खपतो.

ॲना फ्रॉइड यांच्या १९३६ च्या पुस्तकात दहा बचाव होते, आता याद्या तीस-चाळीसपर्यंत जातात. पाठ करायची गरज नाही. कुठला बचाव यापेक्षा तो किती ताठ आहे, किती ठिकाणी वापरला जातो आणि त्याची किंमत काय पडते, हे लिहिलं तर फॉर्म्युलेशन जिवंत होतं.

नवशिकी:

‘मला’ आणि ‘मी’ची खूण आजपासून वापरणार! एक प्रश्न राहिला. भूतकाळाचा कोपरा भरायचा कसा? ‘बालपण कसं होतं?’ विचारलं की ‘छान होतं’ एवढंच येतं.

तळघर:

कारण तो प्रश्न मत मागतो, आणि मतं बचावाच्या ताब्यात असतात. प्रौढांची जिव्हाळ्याच्या नात्यांबद्दलची मुलाखत, १९८५ साली जॉर्ज, कॅप्लन आणि मेन यांनी तयार केलेली, हे कोडं फार हुशारीने सोडवते. आईशी असलेल्या नात्यासाठी पाच विशेषणं मागायची. मग एकेक विशेषण घेऊन त्याला शोभणारा एक प्रसंग मागायचा. नंतर तेच वडिलांसाठी. ‘प्रेमळ’ म्हटलं आणि प्रसंग आठवेना, किंवा ‘प्रेमळ’च्या खाली हात मोडलेला असताना घरी सांगायची भीती वाटल्याचा प्रसंग आला, तर विशेषण आणि प्रसंगामधली ती फट हीच माहिती. बालपण वाईट होतं की चांगलं याला गुण नाहीत. सांगण्यात सुसंगती किती याला आहेत. भयानक बालपण सुसंगत सांगणारी माणसं ‘सुरक्षित’, म्हणजे नात्यांबाबत आश्वस्त, गटात येतात.

म्हणूनच ‘सगळं आईवडिलांमुळे’ हा निष्कर्ष या कोपऱ्यातून निघत नाही. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आज मनात नात्याचा नकाशा कसा आहे, त्याची ती खूण. फ्रॉइडने १८९७ सालीच आपला आधीचा सिद्धांत (मानसिक त्रासामागे बालपणीचा लैंगिक अत्याचार असतो, हा) सोडताना या प्रश्नाशी झटापट केली होती. त्यातून त्याने काढलेला मार्ग, म्हणजे अशा आठवणी बरेचदा मनातल्या कल्पना असतात असं मानणं, सगळ्यांना पटला नाही, आजही पटत नाही, आणि प्रत्यक्ष अत्याचाराच्या बाबतीत तर त्या मार्गाने बरंच नुकसान केलं असं माझं मत आहे.

उंबरठा:

थेरपिस्टचा कोपरा राहिला. तिथे दोन टोकांच्या चुका होतात: एक तर तो रिकामा सोडायचा, नाहीतर प्रत्येक वाक्य स्वतःवर ओढायचं. ‘आज बस उशिरा आली’ याचा अर्थ ‘तुम्ही माझ्यावर रागावलात’ असा लावणाऱ्या थेरपिस्टची चेष्टा होते ती योग्यच होते. पायपर आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या अभ्यासात असे अर्थ जास्त सांगितले गेले तिथे सहकार्य आणि परिणाम दोन्ही कमी पडलेले दिसले. हॉग्लेंड यांच्या ऑस्लोच्या अभ्यासात, २००६ साली प्रसिद्ध, १०० रुग्णांना वर्षभर आठवड्याला एक सेशन दिलं. निम्म्यांमध्ये थेरपिस्टशी चाललेल्या नात्यावर माफक बोलणं, निम्म्यांमध्ये अजिबात नाही. सरासरीत फरक नव्हता. पण ज्यांची नाती आयुष्यभर डळमळीत होती त्यांना अशा बोलण्याचा जास्त फायदा झाला. तोवर समजूत उलटी होती, की हे फक्त भक्कम माणसांना झेपतं. ‘किती’ आणि ‘कोणाला’ हे दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय तंत्राबद्दल बोलू नये ते यासाठी.

शंकासुर:

आकडे दिलेत, त्याबद्दल धन्यवाद. माझा विरोध निम्मा उरला. उरलेला निम्मा समाजमाध्यमांवर चालणाऱ्या प्रकाराला: कोणी फोन उचलला नाही की ‘टाळणारी आसक्ती’ (जवळीक टाळण्याची सवय), कोणी हो म्हणालं नाही की ‘नार्सिसिस्ट’ (आत्मकेंद्री), आणि नाही म्हटलं की ‘हा तुझा नकार, म्हणजेच पुरावा’.

तळघर:

त्या प्रकाराला फ्रॉइडनेच १९१० साली नाव दिलं, ‘रानटी विश्लेषण’. एका डॉक्टरने पहिल्याच भेटीत बाईला तिच्या चिंतेचं कारण आणि उपाय ऐकवला, त्यावरून त्याने तो लेख लिहिला. नेणिवेतलं रुग्णाला नुसतं सांगून भागत असतं तर पुस्तक वाचूनही लोक बरे झाले असते, असा त्याचा मुद्दा, आणि उपमा दुष्काळात भुकेल्यांना मेन्यूकार्डं वाटण्याची. ‘नकार म्हणजे पुरावा’ हेही चालत नाही. अर्थ बरोबर होता की नाही हे ‘हो’ किंवा ‘नाही’वरून ठरवायचंच नसतं, पुढच्या दहा मिनिटांवरून ठरवायचं. न मागता नवी आठवण आली, भावना बदलली, आधी न सांगितलेला प्रसंग निघाला, तर काहीतरी लागलं. ‘अगदी बरोबर’ म्हणून माणूस तोच विषय त्याच सुरात पुढे बोलत राहिला, तर नाही लागलं, कितीही मान डोलावली तरी.

मोजपट्टी:

आणि ही दहा मिनिटं सेशन संपल्यावर लगेच लिहा, रात्री नाही. रात्रीपर्यंत स्मरणशक्ती फॉर्म्युलेशनच्या बाजूने साक्ष द्यायला लागलेली असते.

नवशिकी:

एक शेवटचं. तिसरा भाग लिहायला पुरेशी माहितीच नसेल तर? तीन भेटी झाल्यात, भूतकाळाबद्दल काहीच नाही.

अनुस्वार:

तो कोपरा कोरा ठेवायचा आणि कोरा आहे असं लिहायचं. ‘तीन भेटींत आईचा उल्लेख नाही’ ही नोंदही फॉर्म्युलेशनमध्ये बसते. त्याखाली एवढंच लिहा की सहाव्या भेटीपर्यंत उल्लेख आला नाही तर काय समजायचं, आणि आला तर काय.